मेडिकलमधली ती ट्यूब आणि न जाणारा नायटा

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं किंवा ज्यांचं लोकलमध्ये नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी.)



आपल्याकडे एक म्हण आहे: अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य. दुखणं सहन होत नाही आणि दाखवताही येत नाही. आजचा विषय असाच अवघड जागेचा आहे. जांघेतली खाज. कमरेवरचा, मांडीवरचा, काखेतला गोल लालसर चट्टा. नायटा म्हणा, गजकर्ण म्हणा, हिंदीत दाद म्हणा.

हा विषय घ्यायचं कारण म्हणजे तुमचेच मेसेज. गेल्या काही महिन्यांत तीन-चार श्रोत्यांनी जवळजवळ एकच गोष्ट सांगितली. हॉस्टेलवर किंवा पीजीमध्ये राहतो. खाज सुरू झाली. डॉक्टरकडे जायला लाज वाटली, म्हणून मेडिकलमध्ये जाऊन हळूच विचारलं. काउंटरवरच्या माणसाने एक ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज गायब, आठवड्यात चट्टा फिका. ट्यूब बंद केली आणि दहा-पंधरा दिवसांत सगळं परत, आधीपेक्षा मोठं. मग तीच ट्यूब पुन्हा आणली. आता वर्ष झालं. आणि रूममेटलाही तेच झालंय.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे कोणतं औषध घ्या हे मी सांगणार नाही. पण ही गोष्ट परत परत का येते, ती औषधाला दाद का देत नाही आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कशी जाते, हे मी बरंच वाचून समजून घेतलंय. ते आज तुम्हाला सांगतो. आणि आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो: 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपण ज्या 'ब्लॅक फंगस'ची भीती घेतली होती, तो हा आजार नाही. हा जिवावर बेतत नाही. पण झोप, अभ्यास, नोकरी, लग्न या सगळ्यात तो मधे येतो, आणि आता तो भारतातून जगभर पोचलाय.

नायटा म्हणजे नेमकं काय

पहिली गोष्ट, नायटा म्हणजे किडा नाही. इंग्रजीत त्याला 'रिंगवर्म' म्हणतात म्हणून अनेकांना तसं वाटतं. ही बुरशी आहे. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर, केस आणि नखं केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात. या बुरशीचं अन्न तेच. ती रक्तात शिरत नाही, सहसा खोल जात नाही. वरच्या मेलेल्या थरात राहते आणि तिथेच पसरते.

गोल आकार का येतो? बुरशी एका ठिकाणी रुजते आणि तिथून चारी बाजूंना वाढत जाते. मधल्या भागात तोवर शरीराने तिच्याशी लढा दिलेला असतो, म्हणून मधली त्वचा बरीचशी साफ दिसते. कडेला मात्र लढाई चालूच असते: लाल, थोडी उंचावलेली, कोंड्यासारखे पापुद्रे सुटणारी कड. खाज आणि लाली ही बुरशीपेक्षाही आपल्या प्रतिकारशक्तीची कामगिरी आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक. प्रत्येक खाज म्हणजे नायटा नाही. खरूज वेगळी, ती अगदी बारीक किडीमुळे होते आणि रात्री जास्त खाजते. इसब वेगळा, तो संसर्ग नाही. तिन्हींचे उपचार वेगवेगळे. फोनवर फोटो टाकून किंवा मित्राला विचारून यातला फरक कळेलच असं नाही.

जुनी बुरशी गेली, नवी आली

नायटा भारतात पूर्वीपासून आहे. दमट हवा आणि घाम, त्याला आणखी काय हवं? मुंबई-कोकणातला पावसाळा आठवा, चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. पण पूर्वी हा आजार तसा सोपा मानला जायचा. क्रीम लावा, जास्त असेल तर गोळ्या घ्या, दोन-तीन आठवड्यांत विषय संपला.

गेल्या साधारण दहा-बारा वर्षांत हे बदललं. त्वचारोगतज्ज्ञांकडे असे रुग्ण वाढायला लागले ज्यांचा नायटा अंगभर पसरलेला, महिनोन् महिने टिकणारा आणि बरा होऊन परत येणारा. चेहऱ्यावरसुद्धा. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी. प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा दिसलं की बुरशीच बदलली आहे. पूर्वी भारतात ट्रायकोफायटन रुब्रम नावाची बुरशी जास्त सापडायची. तिची जागा तिच्याच कुळातल्या दुसऱ्या एकीने घेतली. या दुसरीला 2020 मध्ये स्वतंत्र नाव मिळालं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. हे नाव दिलं जपानच्या संशोधकांनी, तिथे सापडलेल्या नेपाळी आणि भारतीय रुग्णांच्या नमुन्यांवरून. नावातला 'इंडो' आपल्याकडूनच गेलाय.

या बुरशीचा सगळ्यात त्रासदायक गुण म्हणजे टर्बिनाफिन नावाच्या औषधाला ती अनेकदा जुमानत नाही. टर्बिनाफिन हे जगभर नायट्यावरचं पहिलं औषध. क्रीममध्ये तेच, गोळीत तेच. 2020 मध्येच भारतातल्या अनेक केंद्रांवर गोळा केलेल्या नमुन्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दहातल्या साधारण सात नमुन्यांवर टर्बिनाफिनचा पुरेसा परिणाम होत नव्हता. हे नमुने त्वचारोगतज्ज्ञांपर्यंत पोचलेल्या रुग्णांचे होते, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक नायट्याला हा आकडा लावता येणार नाही. तरी दहात सात म्हणजे थोडे नाहीत.

औषध चालत नाही म्हणजे आत काय होतं

हा भाग मला वैयक्तिक आवडतो, कारण तो अगदी कोडसारखा आहे.

प्रत्येक पेशीला बाहेरून एक आवरण लागतं. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं. बुरशीच्या आवरणात त्याऐवजी अर्गोस्टेरॉल असतं. हा फरक आपल्या फायद्याचा, कारण अर्गोस्टेरॉल बनवण्याचं काम बंद पाडलं की बुरशी मरते आणि आपल्याला फारसा त्रास होत नाही.

अर्गोस्टेरॉल एका पायरीत बनत नाही. कारखान्यातल्या लाइनसारख्या एकामागून एक पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम काम करतं. टर्बिनाफिन यातल्या सुरुवातीच्या एका एन्झाइमला जाऊन चिकटतं आणि त्याला अडकवून ठेवतं. त्या एन्झाइमचं नाव स्क्वालीन इपॉक्सिडेज. लाइन थांबते. पुढे अर्गोस्टेरॉल तयार होत नाही आणि मागे स्क्वालीनचा ढीग साचतो. दोन्ही बाजूंनी बुरशीची कोंडी.

आता हे एन्झाइम म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. माळेतला कुठला मणी कुठे, हे बुरशीच्या जीनमध्ये लिहिलेलं असतं. या नव्या बुरशीत सगळ्यात जास्त सापडणारा बदल माळेतल्या 397 व्या मण्यावर आहे. तिथे फिनाइलअ‍ॅलानिन असायला हवं, त्याऐवजी ल्युसिन बसलंय. एवढंच. एन्झाइमचं काम चालू राहतं, पण टर्बिनाफिनला चिकटायला जी खाच लागते तिचा आकार बदलतो. किल्ली तीच, कुलूप थोडं बदललेलं.

हजार ओळींच्या प्रोग्रॅममध्ये एक अक्षर बदलल्यावर काय होतं ते माझ्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. फरक इतकाच की इथे तो बदल कुणी मुद्दाम केला नाही. बुरशी वाढताना जीनची नक्कल करते, नक्कल करताना अधूनमधून चुका होतात. बहुतेक चुका निरुपयोगी ठरतात. पण औषध समोर असताना ज्या एकीला अशी चूक उपयोगी पडली, ती जगते. बाकीच्या मरतात. मोकळ्या झालेल्या जागेत तिचीच पिलावळ वाढते.

म्हणजे दोन गोष्टींनी हा धोका वाढतो. एक, बुरशीची संख्या प्रचंड असणं, कारण जितक्या नकला तितक्या चुका. दोन, औषध असणं पण अर्धवट असणं: कमी दिवस, कमी प्रमाण, मधेच बंद. आता आपण परत त्या ट्यूबकडे येऊ.

ट्यूबमध्ये काय असतं

मेडिकलमध्ये 'खाजेची ट्यूब द्या' म्हटल्यावर जी ट्यूब अनेकदा हातात पडते, तिच्यात तीन-चार औषधं एकत्र असतात. एक बुरशीवरचं, एक किंवा दोन जिवाणूंवरची आणि एक स्टेरॉइड. काय झालंय ते माहीत नाही, म्हणून सगळंच घाला. अंधारात चार दगड मारले की एक तरी लागेल, असा हिशोब.

यातलं स्टेरॉइड काय करतं? प्रतिकारशक्तीला तात्पुरतं शांत करतं. मघाशी मी म्हटलं होतं की खाज आणि लाली ही प्रतिकारशक्तीची कामगिरी आहे. ती शांत झाली की खाज थांबते. दोन दिवसांत. म्हणून ती ट्यूब जादूची वाटते. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पेटलाय, अलार्म वाजतोय आणि आपण अलार्मचा आवाज बंद केला. आता शांत आहे, पण आग चालूच आहे.

आग नुसती चालू नाही, वाढतेय. कारण बुरशीला रोखणारी प्रतिकारशक्तीच झोपवलीय. ती बिनबोभाट पसरते. आणि त्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही आहे, जे आपण खाज थांबली की चौथ्या-पाचव्या दिवशी लावणं सोडतो. प्रचंड संख्या आणि अर्धवट औषध. मघाशी सांगितलेल्या दोन्ही अटी एकाच ट्यूबमध्ये पूर्ण. भारतात ही बुरशी इतकी का फोफावली याची कारणं शोधताना तज्ज्ञ ज्या गोष्टींकडे बोट दाखवतात, त्यात स्टेरॉइड मिसळलेल्या या क्रीमचा वापर फार वरच्या क्रमांकावर आहे.

स्टेरॉइडचं आणखी एक वाईट काम म्हणजे ते नायट्याचं रूप बदलतं. गोल कड पुसट होते, कधी रिंगच्या आत दुसरी रिंग दिसते, कधी नुसताच पसरलेला लालसर भाग. मग अनुभवी डॉक्टरलाही पहिल्या नजरेत ओळखणं अवघड जातं. आणि जांघेसारख्या नाजूक जागी तीव्र स्टेरॉइड बरेच दिवस लावलं की त्वचा पातळ होते, तिथे ताणल्यासारखे रुंद पट्टे उमटतात. ते पट्टे जात नाहीत. नायटा बरा झाल्यावरही ते राहतात.

मग अशा ट्यूब विकायला परवानगी कशी? कायद्याने बरंच काही केलंय. त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडना पूर्वी एक सवलत होती, त्यामुळे ती चिठ्ठीशिवाय मिळत. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा 14 स्टेरॉइडची सवलत काढून ती शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात त्वचेवरची काही मिश्र क्रीमही होती. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएडीव्हीएलने, स्टेरॉइड क्रीमच्या गैरवापराविरुद्ध वेगळा कृतीगट नेमून अनेक वर्षं यासाठी आवाज उठवला होता. पण कायदा कागदावर आणि काउंटर गल्लीत. तुमच्यापैकी कितीजणांना मेडिकलमध्ये क्रीम घेताना चिठ्ठी मागितली गेली, हे तुम्हीच आठवा.

एकाकडून दुसऱ्याकडे

आता प्रसार. काही जातीच्या बुरशी प्राण्यांकडून माणसाला लागतात, मांजरीकडून, गुरांकडून. ही नवी बुरशी मात्र मुख्यतः माणसाकडून माणसाला लागते. थेट त्वचेच्या स्पर्शाने, आणि वस्तूंमधूनही.

चट्ट्यावरून जे बारीक पापुद्रे गळतात त्यात बुरशीचे बीजाणू असतात. ते टॉवेलवर, चादरीवर, अंतर्वस्त्रांवर, जिमच्या मॅटवर पडतात आणि तिथे महिनोन् महिने तग धरू शकतात. आता आपली घरं डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत चौघं. बाथरूमच्या दारामागे एकच टॉवेल, जो सकाळी चारदा ओला होतो. एकाच बादलीत सगळ्यांचे कपडे भिजतात. पीजीमध्ये कपड्यांचा ढीग एकत्र मशीनमध्ये जातो, थंड पाण्यावर, तीस मिनिटांच्या क्विक वॉशवर. 'अरे, जरा तुझी ट्रॅक पँट दे ना' हे तर रोजचंच.

त्यात आपले कपडे. घट्ट जीन्स, सिंथेटिक लेगिंग्ज, दिवसभर बाइकवर किंवा खुर्चीत बसून काम. घाम आत अडकतो, त्वचा ओलसर राहते. बुरशीला यापेक्षा चांगलं घर मिळणार नाही.

म्हणून घरात एकटाच औषध घेत असेल तर अनेकदा असं होतं की तो बरा होतो, मग भावाकडून किंवा बायकोकडून त्याला परत लागतं. हे सांगणं महत्त्वाचं आहे, कारण परत आलेला प्रत्येक नायटा औषधाला न जुमानणारा नसतो. कधी कोर्स अर्धा सोडलेला असतो, कधी घरातल्या दुसऱ्याचा उपचारच झालेला नसतो, कधी मधे स्टेरॉइडची ट्यूब लावलेली असते. आणि कधी खरंच बुरशी बदललेली असते. यातलं कारण कोणतं ते शोधणं डॉक्टरचं काम आहे. पण पहिली तीन कारणं आपल्या हातात आहेत.

ही बुरशी किती लांब गेली त्याचं एक उदाहरण. मे 2023 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने न्यूयॉर्क शहरातल्या दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या या बुरशीच्या या पहिल्या अधिकृत नोंदी. एक 47 वर्षांची. तिला 2022 च्या उन्हाळ्यात बांगलादेशात असताना पुरळ उठलं, तिथे तिने बुरशीनाशक आणि स्टेरॉइड मिसळलेली क्रीम लावली, घरातल्या इतरांनाही तसंच पुरळ होतं. न्यूयॉर्कला परतल्यावर चार आठवडे टर्बिनाफिनच्या गोळ्या घेतल्या, फरक नाही. मग ग्रिसिओफल्विन नावाच्या जुन्या औषधाने चार आठवड्यांत बराच फरक पडला.

दुसरी 28 वर्षांची. तिला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हे झालं, गोळ्या बाळंतपणानंतर सुरू केल्या. टर्बिनाफिनने काहीच झालं नाही, शेवटी इट्राकोनाझोलने बरी झाली. हिची गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे, कारण ती अलीकडे कुठल्याच परदेशात गेलेली नव्हती. म्हणजे बुरशी न्यूयॉर्कमध्येच कुणाकडून तरी कुणाला लागत असावी. क्रम जवळजवळ आपल्या श्रोत्यांनी सांगितलेलाच, फक्त पत्ता वेगळा.

डॉक्टरकडे गेल्यावर काय होतं

लाज वाटणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो. त्वचारोगतज्ज्ञ दिवसभर हेच बघतात. जांघेतला नायटा त्यांच्यासाठी सर्दीसारखा रोजचा आहे. सरकारी रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजमध्येही त्वचाविभाग असतो, तिथे कमी खर्चात दाखवता येतं.

डॉक्टर बऱ्याचदा नुसतं बघूनच ओळखतात. शंका असेल तर चट्ट्याच्या कडेवरून थोडे पापुद्रे खरवडून घेतात, दुखत नाही. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात. द्रावणाने केराटिन विरघळतं आणि बुरशीचे धागे उघडे पडतात. ही तपासणी स्वस्त आणि झटपट. बुरशी वाढवून बघायची म्हटलं तर दोन ते चार आठवडे लागू शकतात. आणि ही नेमकी इंडोटिनीच आहे का, हे मायक्रोस्कोपमधून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी जीनची तपासणी लागते, जी सगळीकडे होत नाही. म्हणून डॉक्टर अनेकदा तुम्ही दिलेल्या माहितीवरच निर्णय घेतात. ती माहिती खरी द्या. आधी कोणती ट्यूब लावली, किती महिने, हे लपवू नका. शक्य असेल तर ट्यूबच घेऊन जा.

टर्बिनाफिन चालत नसेल तर इट्राकोनाझोल हा अनेकदा पुढचा पर्याय असतो. तेही अर्गोस्टेरॉलचीच लाइन बंद पाडतं, पण बरंच पुढच्या पायरीवर, त्यामुळे आधी सांगितलेला बदल तिथे आड येत नाही. पण हे औषध मित्राच्या चिठ्ठीवरून घ्यायचं नाही. कॅप्सूल नीट शोषली जायला पोटात आम्ल लागतं, त्यामुळे ती जेवणासोबत घ्यायला सांगतात आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांनी तिचा परिणाम कमी होतो. काही हृदयरुग्णांना ती चालत नाही, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसोबत चालत नाही. आणि इट्राकोनाझोललाही दाद न देणारे नमुने सापडू लागलेत. तेही आपण अर्धवट वापरलं तर पुढची पायरी कोणती, हा प्रश्न उरतो. बुरशीवरची औषधं मुळातच मोजकी आहेत.

तुमच्या हातात काय आहे

आता ज्यासाठी तुम्ही इथपर्यंत थांबलात ते.

1. ट्यूबची मागची बाजू वाचा. 'स्टेरॉइड' असा शब्द तिथे सहसा लिहिलेला नसतो. ही नावं शोधा: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं एकही असेल तर ती नायट्यावर स्वतःच्या मनाने लावायची ट्यूब नाही. आधीच बरेच दिवस लावत असाल तर बंद केल्यावर चट्टा काही दिवस खवळून उठतो. त्याला घाबरून परत तीच ट्यूब लावू नका, डॉक्टरकडे जा.

2. डॉक्टरने दिलेलं क्रीम लावताना 'दोनचा नियम' लक्षात ठेवा: दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे. कडेबाहेर का? कारण बुरशी कडेलाच पुढे सरकत असते. नंतर का? कारण डोळ्याला दिसत नाही म्हणजे ती गेली असं नाही. डॉक्टरने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

3. घरात किंवा खोलीत आणखी कुणाला खाज आहे का, हे विचारा. हा प्रश्न ट्यूबपेक्षा अवघड आहे, मला कल्पना आहे. पण सगळ्यांचा उपचार एकाच वेळी झाला तरच साखळी तुटते. आईला किंवा वहिनीला असेल तर ती सांगणार नाही, 'उन्हाळ्यामुळे आहे' म्हणेल. तिला हा भाग पाठवा.

4. टॉवेल, चादर, अंतर्वस्त्रं, कंगवा, रेझर स्वतःचे वेगळे. आजारी असताना ते कपडे बाकीच्यांपासून वेगळे भिजवा. शक्य असेल तर 60 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवा, उलटे करून कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा, विशेषतः कमरपट्टी आणि शिवणींवर. ओलसर चड्डी 'अंगावर वाळेल' म्हणून घालू नका.

5. आंघोळीनंतर जांघ, काख, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, मग कपडे घाला. बरं होईपर्यंत सैल सुती कपडे. जिमहून आल्यावर घामाच्या कपड्यांत बसून राहू नका.

6. पाय आणि नखं तपासा. अनेकदा बुरशीचा अड्डा तिथे असतो आणि आपण जांघेवर उपचार करत बसतो.

7. लसूण, लिंबू, चुना असले घरगुती प्रयोग नकोत. लसणाने त्वचा अक्षरशः भाजते, आणि भाजलेल्या त्वचेखाली बुरशी तशीच.

जाता जाता

या आजारात एक विचित्र गोष्ट आहे. प्रत्येकजण तो एकट्याने लपवतो आणि त्यामुळेच तो सगळ्यांचा होतो. एका हॉस्टेलच्या मजल्यावर पाच मुलं एकाच वेळी एकाच ट्यूबचे पैसे भरत असतात आणि पाचही जणांना वाटतं की हे फक्त आपल्यालाच झालंय. बुरशीला याहून जास्त काही नको असतं. लाज, अर्धा कोर्स आणि ओला टॉवेल, एवढ्यावर तिचं छान चालतं.

त्यामुळे हा भाग संपला की एक काम करा. कपाटात, बाथरूमच्या खिडकीत, बॅगेच्या चेनच्या कप्प्यात जी अर्धी पिळलेली ट्यूब आहे ती काढा आणि मागची नावं वाचा. पहिल्या मुद्द्यातलं एखादं नाव सापडलं तर या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घ्या. आणि पुढच्या वेळी कुणी मित्र हळू आवाजात 'कोणती ट्यूब चांगली रे?' असं विचारेल, तेव्हा त्याला ट्यूबचं नाव सांगू नका. डॉक्टरकडे सोबत जा.

तुमचे प्रश्न नेहमीसारखे व्हॉइस मेसेजवर पाठवा. नाव सांगायची गरज नाही. पण चट्ट्याचे फोटो मला पाठवू नका. मी इंजिनिअर आहे, मला त्यातलं कळत नाही!

भेटू पुढच्या भागात. तोवर टॉवेल उन्हात टाका.